न्यूझीलंडमध्ये स्वतः गाडी चालवायची तर: लायसन्स, आयडीपी आणि भाड्याचा करार

न्यूझीलंडची सहल ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, आपलं महाराष्ट्राचं लायसन्स तिथे चालतं का? चालतं. लायसन्स पक्कं असेल, मुदतीत असेल आणि त्यावरचा मजकूर इंग्रजीत असेल, तर पर्यटक म्हणून त्याच लायसन्सवर तिथे कायदेशीरपणे गाडी चालवता येते. ही सवलत देशात पोहोचल्याच्या दिवसापासून ठरावीक मुदतीसाठी असते आणि पर्यटनाच्या व्हिसावर जाणाऱ्याला ती पुरून उरते. वर आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक, उजवीकडे स्टिअरिंग. त्यामुळे बरेच जण इथेच थांबतात, ऑनलाइन गाडी बुक करतात आणि विमानात बसतात.

अडचणी येतात त्या यानंतर. परदेशात गाडी चालवायला एक नव्हे, तीन परवानग्या लागतात. पहिली त्या देशाच्या कायद्याची, दुसरी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीची, तिसरी विम्याची. तिघांच्या अटी वेगवेगळ्या असतात. कायद्याला चालणारं लायसन्स कंपनीच्या काउंटरवर अडू शकतं. कंपनीने किल्ली दिली तरी अमुक रस्त्यावर गाडी नेली म्हणून विमा हात वर करू शकतो. तयारी करताना प्रत्येक पायरीवर या तिघांचा विचार करा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी कार्ड हातात घेऊन नीट वाचा

पाकिटातलं लायसन्स बाहेर काढा. वर्षानुवर्षं आपण ते कुणाला दाखवतो, स्वतः वाचत नाही. त्यावर एमएच१२ किंवा एमएच०१ असा सुरू होणारा क्रमांक असतो, पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख असते, आणि मुदतीच्या रकान्यात एनटी आणि टीआर अशी दोन अक्षरं दिसतात. एनटी म्हणजे खासगी वाहनांसाठीची मुदत, टीआर म्हणजे व्यावसायिक वाहनांसाठीची. आपल्याला एनटीसमोरची तारीख बघायची आहे. परतीच्या विमानाच्या तारखेपर्यंत ती शिल्लक आहे ना, एवढंच नव्हे, पुढे दोनतीन महिने तरी आहे ना, ते पाहा.

इथे ज्येष्ठांनी जरा जास्त लक्ष द्यावं. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर मुदतीचं गणित बदललं आहे. तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयात काढलं किंवा नूतनीकरण केलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्न असेल तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी फक्त पाच वर्षं. निवृत्तीनंतर मोठ्या सहली करणारी मंडळी नेमकी या शेवटच्या गटात येतात. मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारे तीस दिवसही त्याच दुरुस्तीत गेले. म्हणजे तारीख उलटली की लायसन्स संपलं. मुदत संपण्याआधी वर्षभरात कधीही नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून. चाळिशीपुढच्यांना डॉक्टरकडून फॉर्म १ए भरून घ्यावा लागतो. तिकिटं काढायच्या आधी हे उरका.

कार्डावर वाहनाचा प्रकारही लिहिलेला असतो. एलएमव्ही असेल तर कार, एमसीडब्ल्यूजी असेल तर गिअरची मोटारसायकल. न्यूझीलंडमध्ये तुमच्या लायसन्सवर जो प्रकार आहे तेवढंच वाहन चालवता येतं. एलएमव्हीवर कार चालेल आणि सहसा भाड्याने मिळणारी कॅम्परव्हॅनही (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) चालेल, कारण तिथला कारचा वर्ग सहा हजार किलोपर्यंतच्या वाहनांचा आहे. पण एमसीडब्ल्यूजी नसताना साउथ आयलंडमध्ये, म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या बेटावर, मोटारसायकल फिरवायचं स्वप्न असेल तर ते इथेच, आपल्या आरटीओत चाचणी देऊन पूर्ण करून जावं लागेल. शिकाऊ लायसन्सचा तर विचारही करू नका.

आणखी दोन गोष्टी. लायसन्स जुन्या पुस्तिकेच्या किंवा हाताने लिहिलेल्या स्वरूपातलं असेल तर ते स्मार्ट कार्डात बदलून घ्या. आणि मूळ कार्ड सोबत न्या. आपल्याकडे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचं लायसन्स पोलिसांना दाखवलं की भागतं, ती सोय भारतातल्या कायद्याने दिलेली आहे. न्यूझीलंडमध्ये गाडी चालवताना लायसन्स जवळ बाळगणं बंधनकारक आहे, आणि भाड्याच्या काउंटरवर प्लास्टिकचं कार्डच मागतात. ते हॉटेलच्या तिजोरीत ठेवून बाहेर पडू नका.

नावाचा घोळ मराठी घरांत जास्त

हा मुद्दा सरकारी पानांवर सापडत नाही, पण आपल्या लोकांना सगळ्यात जास्त तोच नडतो. काउंटरवरचा माणूस तुमच्यासमोर चार नावं शेजारी शेजारी ठेवतो: बुकिंगवरचं, पासपोर्टवरचं, लायसन्सवरचं आणि क्रेडिट कार्डावरचं. आता आपल्याकडची रीत बघा. लायसन्सवर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असं सलग. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि पहिली दोन नावं दुसऱ्या रकान्यात. क्रेडिट कार्डावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. एवढा फरक सहसा चालून जातो.

खरी पंचाईत लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची होते. लायसन्स कॉलेजात असताना काढलेलं, माहेरच्या नावाचं. पासपोर्ट लग्नानंतरचा, सासरच्या नावाचा. काउंटरवरच्या माणसाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि विवाह प्रमाणपत्र मराठीत असेल तर त्याला ते वाचताही येत नाही. मग गाडी चालवणारी बायको मागच्या सीटवर आणि दमलेला नवरा एकटाच सहाशे किलोमीटर चालवतोय, असं होतं. सारथी पोर्टलवर लायसन्समधलं नाव बदलण्याचा अर्ज करता येतो, त्याला वेळ लागतो, म्हणून व्हिसाच्या तयारीबरोबरच तो करून टाका. बुकिंग करताना पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच नाव लिहा.

आयडीपी काढायचा का?

आयडीपी म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना. बोलताना लोक त्याला इंटरनॅशनल लायसन्स म्हणतात, आणि त्यातूनच गैरसमज होतो. हे स्वतंत्र लायसन्स नाही. तुमच्या मूळ लायसन्समध्ये काय लिहिलं आहे ते ठरलेल्या नमुन्यात, अनेक भाषांत सांगणारी ती पुस्तिका आहे. मूळ कार्ड सोबत नसेल तर तिच्यावर गाडी चालवता येत नाही. भारत आणि न्यूझीलंड दोन्ही देश १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारात आहेत, त्यामुळे आपल्या आरटीओने दिलेला आयडीपी तिथे मान्य आहे.

इंग्रजी कार्ड असेल तर न्यूझीलंडच्या कायद्याला तो लागत नाही. तरीही मी काढायला सांगेन. काही भाडे कंपन्या आपल्या अटींमध्ये तो मागतात. कार्डावरची अक्षरं पुसट झाली असतील तर तोच कामाला येतो. आणि आपली बरीच मंडळी एका फेरीत ऑस्ट्रेलियाही उरकतात, परतीच्या वाटेवर आणखी एखादा देश जोडतात. तिथल्या अटी वेगळ्या असू शकतात. हजार रुपयांत एवढी निश्चिंती मिळत असेल तर काटकसर कशाला करायची?

सरकारी शुल्क हजार रुपये आहे, वर किरकोळ सेवा आकार. सारथी पोर्टलवर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून फॉर्म ४ए भरायचा, पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचं, आणि ज्या आरटीओच्या हद्दीत राहता तिथे अर्ज जातो. कागदपत्रं दाखवायला एकदा जावं लागेल अशी तयारी ठेवा. व्हिसाची प्रत मागतात म्हणून व्हिसा हातात आल्यावर लगेच अर्ज करावा. आयडीपीची मुदत एक वर्ष असते, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. सहा महिने आधी काढून ठेवला तर त्यातले सहा महिने घरीच वाया जातात. पूर्वी प्रत्येक राज्याची पुस्तिका वेगळ्या आकाराची, वेगळ्या रंगाची असे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने देशभरासाठी एकच नमुना ठरवला आणि त्यावर क्यूआर कोड आला. तिथल्या काउंटरवर याचा फायदा होतो.

इंटरनेटवर पन्नाससाठ डॉलर घेऊन तीन वर्षांचं किंवा दहा वर्षांचं 'इंटरनॅशनल लायसन्स' घरपोच देणाऱ्या वेबसाइट खूप आहेत. ते कार्ड दिसतं झकास, पण त्याला कायद्याचा काडीचा आधार नाही. असं कार्ड पोलिसांपुढे ठेवलं तर उलट संशय वाढतो. आयडीपी आरटीओतूनच घ्या.

गाडी बुक करताना

इथून दुसरी परवानगी सुरू होते. कायदा तुम्हाला चालवू देतो म्हणून कंपनीने गाडी दिलीच पाहिजे असं नाही. बहुतेक कंपन्या एकवीस वर्षांखालच्यांना गाडी देत नाहीत, पंचविशीच्या आत असाल तर जादा पैसे घेतात, आणि लायसन्स मिळून किमान वर्ष झालेलं हवं अशी अट अनेकांची असते. कॅम्परव्हॅनसाठी वयाची अट कधी याहून वर असते.

क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं लागतं. वडिलांच्या नावाने बुकिंग आणि मुलाचं कार्ड, हे काउंटरवर चालत नाही. डिपॉझिटची मोठी रक्कम त्या कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा तेवढी मर्यादा मोकळी ठेवा आणि बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले आहेत का ते निघण्याआधी तपासा. हे मुंबईच्या विमानतळावर बसून करायचं काम नाही.

जो जो गाडी चालवणार आहे, त्या प्रत्येकाचं नाव करारात हवं. यावर तडजोड करू नका. "मोकळा रस्ता आहे, दहा मिनिटं तू घे" असं म्हणून नाव नसलेल्याच्या हातात स्टिअरिंग दिलं आणि त्या दहा मिनिटांत काही झालं, तर विमा शून्य होतो आणि गाडीची पूर्ण किंमत तुमच्यावर येते. दुसरा चालक जोडायला दिवसाला थोडे डॉलर लागतात, काही ठिकाणी फुकटही जोडतात.

करारात कोणत्या रस्त्यांवर गाडी न्यायची नाही, त्याची यादी असते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडचा नाइंटी माइल बीच बहुतेक करारांत हमखास सापडतील. दोन्ही ठिकाणी गाडी नेणं बेकायदा नाही, पण गाडी अडकली तर विमा नाही. कच्च्या खडीच्या रस्त्यांबद्दल काय लिहिलं आहे तेही वाचा. नॉर्थ आणि साउथ आयलंडच्या मध्ये वेलिंग्टन ते पिक्टन अशी साडेतीनएक तासांची फेरी बोट आहे. काही कंपन्या गाडी फेरीवर चढवू देतात, काही एका बाजूला ती परत घेऊन दुसऱ्या बाजूला नवी देतात. फेरीचं तिकीट काढण्याआधी हे विचारून घ्या, कारण गाडीसकटचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग असतं.

डिझेल गाडी किंवा डिझेल कॅम्परव्हॅन घेतली तर आणखी एक खर्च येतो. न्यूझीलंडमध्ये डिझेलवरचा रस्ता कर पंपावर घेत नाहीत, तो किलोमीटरवर आकारतात. कंपनी गाडी परत घेताना मीटर बघून हा आकार लावते. तीन हजार किलोमीटरच्या सहलीत ती रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी होते, तेव्हा पंपावरचा स्वस्त दर बघून हुरळून जाऊ नका.

विमा: आपल्या सवयीला धक्का देणारा भाग

आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्ये असा विमा सक्तीचाच नाही. हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही, पण तसंच आहे. अपघातात माणसाला इजा झाली तर तिथली एसीसी ही सरकारी योजना उपचाराचा खर्च उचलते, चूक कुणाची हे न बघता, आणि ती पर्यटकांनाही लागू आहे. १९७४ पासून ही व्यवस्था चालू आहे. पण एसीसी समोरच्याच्या गाडीचं नुकसान देत नाही, तुमची हुकलेली विमानं आणि हॉटेलं देत नाही, रुग्णाला मुंबईला परत आणण्याचा खर्च देत नाही, आणि आजारपणाशी तिचा संबंध नाही. त्यासाठी प्रवास विमा लागतोच.

भाड्याच्या गाडीवर कंपनीचा विमा असतो, पण त्यात 'एक्सेस' नावाची रक्कम असते. नुकसान झालं तर पहिले इतके डॉलर तुम्ही भरायचे, पुढचं विमा. ही रक्कम कित्येक हजार डॉलर असू शकते. रोज थोडे जास्त पैसे देऊन ती कमी किंवा शून्य करता येते. डोंगराळ रस्ते आणि अनोळखी हवामान बघता मी तरी ती शून्य करूनच गाडी घ्यायला सांगेन. मात्र "फुल कव्हर" हा शब्द ऐकून सही करू नका. त्यातूनही टायर, काच, गाडीचं छत आणि खालचा भाग, चुकीचं इंधन भरणं, पाण्यात गाडी घालणं, किल्ली हरवणं या गोष्टी वगळलेल्या असतात. कॅम्परव्हॅन झाडाच्या फांदीखाली नेऊन छत खरवडणं हे तिथलं नेहमीचं नुकसान आहे. वगळलेल्या गोष्टींची यादी एकच पान असते, ते पान वाचा.

किल्ली घेतल्यावर गाडीभोवती फिरून मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, चाकांच्या रिम, काच, इंधनाचा काटा, मीटर. परत देतानाही तसाच काढा.

विमानातून उतरल्या उतरल्या चालवू नका

मुंबईहून एखादा थांबा घेऊन पोहोचेपर्यंत रात्र उलटलेली असते आणि घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास, तिथल्या उन्हाळ्यात साडेसात तास असतं. तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात, तेव्हा आपल्या अंगात मध्यरात्र असते. पहिला दिवस शहरात काढा, झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. एका रात्रीचं हॉटेल वाचवायला पहिल्याच दिवशी क्राइस्टचर्चहून क्वीन्सटाउन गाठणं, म्हणजे जवळजवळ पाचशे किलोमीटर, हा हिशेब अजिबात करू नये.

न्यूझीलंडमध्ये परदेशी चालकांचा विषय हळवा आहे. २०१५ च्या सुमाराला रस्त्यावर वेडीवाकडी गाडी चालवणाऱ्या पर्यटकांच्या किल्ल्या स्थानिक लोकांनीच काढून घेतल्याच्या घटना गाजल्या होत्या, आणि असं करू नका म्हणून पोलिसांना सांगावं लागलं होतं. आजही लोक *५५५ वर फोन करून गाडीचा क्रमांक कळवतात आणि पोलीस पुढच्या गावात थांबवतात. लोक चिडतात, कारण अपघातात त्यांची माणसं गेलेली आहेत. पाहुणा म्हणून आपण याची जाणीव ठेवून चालवलं पाहिजे.

रस्त्यावरचे नियम, जिथे आपली सवय आडवी येते

डाव्या बाजूने चालवायचं असल्यामुळे आपल्याला सोपं जातं हे खरं, पण त्यामुळेच आपण गाफील राहतो. सिग्नल लाल असताना डावीकडे वळता येत नाही, कितीही रस्ता मोकळा असो. स्टॉपच्या पाटीवर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. वेग कमी करून पुढे सरकणं म्हणजे थांबणं नव्हे, आणि पोलीस नेमकं तेच बघतात. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही उजवीकडे वळताय आणि समोरचा त्याच रस्त्यात डावीकडे वळतोय, तर तो आधी. २५ मार्च २०१२ पासून हा नियम बदललेला आहे, तेव्हा जुन्या पुस्तकातून वाचलं असेल तर विसरा. झेब्रा क्रॉसिंगवर कुणी पाऊल टाकलं की थांबायचं.

मोकळ्या रस्त्यावर कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर, वस्तीत साधारण ५०, पाटीवर वेगळं असेल तर पाटी खरी. बहुतेक महामार्ग एका बाजूला एकच लेन असलेले, वळणावळणाचे आहेत. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ५५, ६५ असे आकडे दिसतात. तो वळणासाठीचा सल्ला असतो आणि तो पाळाच. मधली रेघ पिवळी असेल तर ओव्हरटेक नाही. मागे गाड्यांची रांग लागली असेल तर जागा दिसताच डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या. हॉर्न मात्र विसरा; आंबोली घाटात प्रत्येक वळणावर देतो तसा तिथे दिला तर लोक तो अपमान समजतात.

एकपदरी पूल हा खास तिथला प्रकार, विशेषतः साउथ आयलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. दोन पाट्या ओळखा. लाल कडेची गोल पाटी, तिच्यात तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल, समोरच्याचा मोठा आणि काळा: तुम्ही थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी आणि तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण: हक्क तुमचा, तरी समोरून कुणी पुलावर आधीच चढलेलं नाही ना ते बघून जायचं. आपल्याकडे अशा पुलावर जो आधी घुसतो तो जातो. तिथे पाटी ठरवते.

शाळेची बस मुलं उतरवायला थांबली असेल तर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी ताशी २० च्या वेगाने जायचं. मोबाइल हातात धरला तर १५० डॉलर दंड आहे. सीटबेल्ट मागच्यांनाही. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीटमध्येच बसवावं लागतं. आजीच्या मांडीवर बसलेलं नातवंड तिथे थेट गुन्हा आहे, आणि जबाबदारी चालकाची. सीट गाडीबरोबरच भाड्याने मिळते, बुकिंगच्या वेळीच सांगा.

दारूच्या बाबतीत पोलीस कुठेही, कधीही, काही संशय नसतानाही गाडी थांबवून श्वासाची तपासणी करतात. विसाव्या वर्षापुढच्यांना मर्यादा श्वासाच्या एका लिटरमागे २५० मायक्रोग्रॅम, विशीच्या आतल्यांना शून्य. मार्लबरोच्या द्राक्षमळ्यांत वाइनची चव घ्यायची असेल तर त्या दिवशी गाडी चालवणारा कोण ते सकाळीच ठरवा. मर्यादेपेक्षा ताशी ४० हून जास्त वेगाने सापडलात तर पोलीस जागेवरच २८ दिवसांसाठी लायसन्स निलंबित करतात. सहल तिथेच संपते.

मिलफर्डचा रस्ता

एका रस्त्याबद्दल वेगळं लिहितो, कारण साउथ आयलंडला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथे जातो. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड एका बाजूचं अंतर सुमारे २९० किलोमीटर, वेळ चार तासांच्या आसपास, आणि वाटेत न थांबणं कुणालाच जमत नाही. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे आठ तासांहून जास्त ड्रायव्हिंग. त्यापेक्षा वाटेतल्या 'ते आनाउ' या गावात मुक्काम करा. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटरच्या आत आहे. टाकी 'ते आनाउ'मध्येच भरा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. वाटेत १९५४ साली खुला झालेला होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, आत उतार आणि अरुंद.

आपल्या मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: तेव्हा तिथे हिवाळा सुरू होत असतो. मे ते नोव्हेंबर या काळात या रस्त्यावर पाटीवर सांगितलं असेल तर चाकांच्या साखळ्या गाडीत ठेवणं बंधनकारक असतं. भाडे कंपनीकडून साखळ्या घ्या आणि त्या चाकाला कशा चढवायच्या ते पार्किंगमध्येच एकदा करून बघा. हिमस्खलनाचा धोका असेल तर रस्ता बंद करतात, म्हणून बोटीचं बुकिंग वेळ बदलता येईल असं घ्या. सावलीतल्या वळणांवर सकाळी काळा बर्फ असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. जूनमध्ये सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो, त्याआधी परत या. क्वीन्सटाउन आणि वानाकाच्या मधला १,०७६ मीटर उंचीवरचा क्राउन रेंज रस्ताही हिवाळ्यात असाच जपून घ्यायचा, किंवा क्रॉमवेलवरून लांबचा पण सोपा रस्ता धरायचा.

टोल, दंड आणि अपघात

टोलचे रस्ते फक्त तीन, तिन्ही नॉर्थ आयलंडमध्ये: ऑकलंडच्या उत्तरेचा नॉर्दर्न गेटवे आणि टाउरांगाजवळचे दोन. नाका नसतो, कॅमेरा क्रमांक टिपतो, आणि पाच दिवसांच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे. आपल्याकडच्या फास्टॅगसारखे पैसे आपोआप जात नाहीत. विसरलात तर नोटीस कंपनीकडे जाते आणि कंपनी टोलवर आपला प्रशासकीय आकार चढवते, जो टोलच्या कितीतरी पट असतो.

अपघात झालाच तर थांबा. जखमींना मदत करा, १११ वर फोन करा. कुणाला इजा झाली असेल तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. समोरच्याला नाव, पत्ता, गाडीचा तपशील द्या आणि त्याचा घ्या. जागेवर पैशांचा व्यवहार करू नका, कंपनीला लगेच फोन करा. गंभीर प्रकरणात न्यायालय पासपोर्ट जमा करून घेऊ शकतं आणि खटला संपेपर्यंत देश सोडता येत नाही. भारतीय उच्चायुक्तालय वेलिंग्टनमध्ये आहे, त्यांचा क्रमांक फोनमध्ये ठेवा.

कॅम्परव्हॅनमध्ये रात्र कुठेही काढता येते, हा समज चुकीचा आहे. फुकट मुक्कामाचे नियम प्रत्येक स्थानिक परिषदेचे वेगळे आहेत आणि बहुतेक ठिकाणी शौचालयासकट स्वयंपूर्ण असल्याचं प्रमाणपत्र गाडीवर लागतं. गाडी घेताना ते काचेवर आहे का बघा.

शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुलांसाठी एवढंच सांगतो: भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवण्याची सुरुवातीला सांगितलेली सवलत मुदतीची आहे. पुढे तिथलंच लायसन्स काढावं लागतं, आणि भारत त्यांच्या सवलतीच्या देशांच्या यादीत नसल्यामुळे लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. इथला दहा वर्षांचा अनुभव आहे म्हणून परीक्षा टळत नाही. मुदत संपायच्या चार महिने आधी अर्ज करा, रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही.

गाडी परत देताना टाकी करारात ठरलेली तेवढी भरलेली असू द्या, पंपाची पावती ठेवा, आणि कर्मचाऱ्यासमोर गाडी तपासून घ्या. सकाळी लवकरच्या विमानासाठी किल्ली पेटीत टाकून जाणार असाल तर व्हिडिओ तर हवाच. अडकवलेलं डिपॉझिट सुटायला काही दिवस लागतात. वेगाच्या कॅमेऱ्याचा किंवा टोलचा आकार मात्र त्यानंतरही कार्डावर पडू शकतो, म्हणून घरी आल्यावर दोनतीन महिने ते कार्ड बंद करू नका आणि प्रत्येक स्टेटमेंट उघडून बघा. चुकीचा आकार दिसला तर कराराची प्रत आणि दोन्ही व्हिडिओ जोडून कंपनीला ईमेल पाठवा. उत्तर आलं नाही तर तेच कागद घेऊन बँकेकडे तक्रार नोंदवता येते.